मधुमेह : दोष बेण्याचा की मशागतीचा?



गळिताचा हंगाम ऐन भरात आला की वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि रांगेत गप्पांना ऊत येतो. उसाचा दर, पाण्याची पाळी, तोडीची चिठ्ठी, पोरांच्या सोयरिकी असे सगळे विषय होऊन जातात. अलीकडच्या वर्षांत त्यात एका विषयाची भर पडली आहे, ती म्हणजे 'शुगर'. आपण पोत्यात भरतो ती नव्हे. रक्तात चढते ती.

असेच एकदा काट्यापाशी चहा घेत उभे असता दोघा सभासदांचा वाद आमच्या कानी पडला. एक म्हणाले, "आमच्या आज्याला हुती, वडलांस्नी हुती, आता माझा नंबर. रक्तातच हाय म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार?" दुसरे म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला न्हाई. आनि आपण रोज रानात असतोय. बसून खाणाऱ्या शहरी माणसाचा रोग हाय त्यो." दोघेही आमच्याकडे वळले. "तुम्ही चार पुस्तकं वाचता, तुम्हीच निवाडा करा."

आम्ही निवाडा केला नाही. एवढेच विचारले, "तुम्ही दोघांनी रक्त कधी तपासून घेतलंय का?" दोघांनीही घेतले नव्हते. एकाने होणारच आहे म्हणून, दुसऱ्याने होणारच नाही म्हणून! मते दोन टोकांची, पण दोघांचे पाय एकाच खड्ड्याकडे. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

आमच्याच घरची गोष्ट

आमचे एक चुलते होते. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. अंगाने सडपातळ, पहाटे चारला दारं धरायला जाणारे, पोट सुटलेले कुणी कधी पाहिले नाही. एका वर्षी ऊस तुटून गेल्यावर रानात फिरताना उसाचा बुडखा त्यांच्या तळपायात घुसला. संध्याकाळी चपलेतले रक्त दुसऱ्यांनी दाखवले तेव्हा त्यांना कळले. "दुखलं कसं न्हाई हो नाना?" असे विचारल्यावर ते हसले, म्हणाले, "कातडं गव्याचं हाय आपलं." आम्हीही हसलो.

ते हसण्यासारखे नव्हते. पायाची जाणीवच गेली होती. हळद-तेल लावण्यात पंधरा दिवस गेले, बोट काळे पडले, मग दवाखाना. आधी बोट काढले, मग घोट्यापर्यंत पाय. डॉक्टरांनी सांगितले की साखर काही आजची नाही, बरीच वर्षे असणार. पुढे आठ-दहा वर्षे नाना ओसरीवर बसून रानाकडे बघत राहिले.

त्यानंतर भावकीत एकच चर्चा. कुणी म्हणाले, आजोबांकडून आली. कुणी म्हणाले, आजोबांना नव्हतीच. आता विचार करा, आजोबांचे रक्त कुणी तपासले होते? 'आमच्या घराण्यात नाही' या म्हणण्याचा अर्थ पुष्कळदा 'आमच्या घराण्यात कुणी तपासले नाही' एवढाच असतो.

आधी रोग समजून घेऊ

आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची शेवटी साखरच होते आणि ती रक्तात येते. रक्त म्हणजे पाट आणि शरीरातल्या कोट्यवधी पेशी म्हणजे वाफे, असे समजा. पाटातले पाणी वाफ्यात जायचे तर दारे धरणारा माणूस लागतो. शरीरात हे काम इन्सुलिन करते. पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत ते तयार होते. दारे धरणारा कमी पडला किंवा वाफ्यांची तोंडे चिखलाने बुजली की पाटात पाणी तुंबते. वाफे कोरडे आणि पाट फुटायला आलेला, हाच मधुमेह. तुंबलेले पाणी मग हळूहळू बांध पोखरते. डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा ही त्याची ठिकाणे.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो बहुधा लहान मुलांत किंवा तरुणपणी दिसतो. त्यात खाण्यापिण्याचा दोष नाही, आईबापांचा नाही, पोराचा तर नाहीच. इन्सुलिन हेच त्याचे जीवन. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे ते प्रथम माणसाला टोचले गेले; त्यापूर्वी अशी मुले थोड्याच काळात दगावत. म्हणून कुणी जडीबुटीवाला 'सुई बंद करा' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

दुसरा प्रकार बहुतेकांना होतो तो, आणि वाद आहे तो त्याच्यावरच.

हा वादही आजचा नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्मजात आणि दुसरा अपथ्याने ओढवलेला. पहिला रोगी बहुधा कृश आणि दुसरा स्थूल, हेही तेथे नोंदवले आहे. आणि उपचारात काय सांगितले आहे? निर्धन रोग्याने अनवाणी गावोगाव भटकत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी! आमच्या आजोबांनी खडकात पहारीने विहीर काढली होती. आम्ही बटन दाबून मोटार चालू करतो, आणि आता तर तेही मोबाईलवरून.

बेणे

शेतकऱ्याला बेण्याचे महत्त्व सांगायला नको. बेणे बिघडले तर वरून कितीही खत टाका, उसाची चाल मनासारखी होत नाही. माणसाचेही तसेच. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या भावंडांत एकाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरेच जास्त आढळते. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी होण्याचा संभव ढोबळमानाने शेकडा ४० धरतात. दोघांनाही असेल तर शेकडा ७० च्या आसपास. तेव्हा 'रक्तात हाय' म्हणणारे आमचे सभासद अगदीच चुकीचे नव्हते.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, या मधुमेहाचे असे एकच बीज नाही. एकाच जनुकाच्या दोषाने होणारे काही विरळ प्रकार आहेत, पण नेहमीच्या मधुमेहात शेकडो ठिकाणचे बारीकसारीक फरक मिळून धोका वाढवतात. २००६ साली सापडलेला त्यातला एक ठळक फरकही माणसाचे नशीब एकट्याने ठरवत नाही. वारसा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. फार तर तारखेची नोटीस समजा. दुसरी गोष्ट अशी की घराण्याकडून नुसते रक्त मिळत नाही, ताटही मिळते. एकाच चुलीवरचे, त्याच हाताने सोडलेले तेल, त्याच मापाचा भात आणि जेवल्यावर तीच वामकुक्षी. बाप आणि मुलगा दोघांना साखर झाली, तर त्यात रक्ताचे किती आणि ताटाचे किती हे सांगणे सोपे नाही.

मशागत

को ८६०३२ चे एकच बेणे दोन भावांच्या रानात लावले तर टनेज सारखे पडते का? तसेच माणसांच्या बाबतीत एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे.

ॲरिझोना प्रांतात गिला नदीच्या काठी पिमा नावाचे आदिवासी लोक राहतात. पाट काढून बागायत करणारे हे जुने शेतकरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने आलेल्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवले आणि खाली पिमांची राने करपली. शेती गेली, राबणे गेले, आणि पुढे सरकारी शिध्याचे पीठ, चरबी, साखर ताटात आली. याच लोकांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतल्या पिमांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा ३८ निघाले, तर मेक्सिकोतल्या त्यांच्या भाऊबंदांत शेकडा ७ च्या आत. बेणे जवळपास एकच, फरक मशागतीचा. बागायतदाराला ही गोष्ट जरा लागावी अशीच आहे. त्यांचे पाणी गेले म्हणून अंगमेहनत गेली. आपल्याकडे पाणी आले, आणि त्या पाण्याच्या पैशाने ती गेली.

कारण आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले, पुढे नदीकाठी पाणी उपसा योजना झाल्या, ऊस आला. मोट गेली, इंजिन आले. इंजिन गेले, मोटार आली. नांगरट ट्रॅक्टरने, तोड बाहेरून आलेल्या टोळीने. मालकाचे काम बांधावर उभे राहून फोन करण्याचे. 'मी रोज रानात असतो' हे खरे, पण रानात असणे निराळे आणि रानात राबणे निराळे. रानापर्यंतही मोटारसायकलवरून! जोंधळ्याची भाकरी मागे पडून पोळी-भात पुढे आला आणि जत्रेपुरते असलेले जेवण दर रविवारी होऊ लागले. तालमीतल्या गड्यांची आणखी एक तऱ्हा : जोर-बैठका पंचविशीत सुटतात, खुराक मात्र पन्नाशीपर्यंत चालू राहतो.

'शहरी रोग' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत शेकडा १६.४ आणि खेड्यांत शेकडा ८.९ आढळले. म्हणजे खेड्यातही अकरा-बारा प्रौढ माणसांत एक. देशभर दहा कोटींवर लोकांना मधुमेह, आणि साडेतेरा कोटींच्या वर माणसे उंबरठ्यावर उभी. शेजारच्या गोव्यात तर प्रमाण शेकडा २६.४, देशात सर्वांत जास्त.

बेणेमळा

येथपर्यंत वाद बेणे आणि मशागत या दोन पक्षांचा. पण नाना तर सडपातळ आणि कष्टाळू होते. मग त्यांना का? याचे एक उत्तर आपल्या पुण्यातून मिळाले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एकदा स्वतःचीच तपासणी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला दोघेही सडपातळ. २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आणि हे आकडे छापून आले. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आतून चरबी बाळगतो, ती बहुधा पोटात, आणि स्नायू कमी. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

ही ठेवण येते कोठून? १९९३ पासून याच डॉक्टरांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षे त्या मुलांचा माग ठेवला. तेथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी काय होते? स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे नानांची ठेवण जन्मतःच घडलेली असू शकते. पोटात असताना पोषण तुटपुंजे मिळाले की शरीर काटकसरीने बांधले जाते; पुढे सुबत्ता आली की त्या शरीराला ती झेपत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीत साखर पचवण्याची ताकद कमी आढळली, ती याच जातीची गोष्ट.

बेणेमळ्याचे महत्त्व आपण जाणतोच. लागणीनंतर कोंब पहिले काही दिवस कांडीतल्या शिदोरीवरच वाढतो, मुळ्या मागून येतात. जात कितीही उत्तम असो, उपाशी मळ्यातली कांडी उपाशीच कोंब देणार. तेव्हा वाद दोन गोष्टींचा नसून तिहींचा आहे : बेणे, बेणेमळा आणि मशागत.

आणि येथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागते. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे दिसले की ज्या गरोदर बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध होते त्यांची बाळे अंगाने चांगली निपजली, आणि ज्यांना जड कामे पडत होती त्यांची लहान. बहुतेक बायांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतूनच मिळते, भाजीपाल्यातून मिळत नाही. आता आपल्या घरात बघा. गोठ्यात दोन म्हशी, दूध संघाला, घरात चहापुरते. मटण शिजले तर पुरुषांची पंगत आधी, पोरे नंतर, सून शेवटी आणि तिच्या ताटात रस्सा. गाभण म्हशीला आंबोण वेगळे काढून ठेवणारे आपण, गरोदर सुनेला काय वेगळे काढून ठेवतो?

सोयरीक ठरवताना 'त्यांच्या घरात शुगर हाय' म्हणून चांगली मुलगी नाकारल्याचे आमच्या कानी येते. अहो, नातवाची साखर तिच्या माहेरच्या रक्तापेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात अधिक ठरत असेल, त्याचे काय? आणि यात आईला दोष देऊ नये. दोष असेल तर तिला उरलेसुरले वाढणाऱ्या घराचा.

आपल्या कारखान्याची साखर

साखर कारखान्याच्या अंकात साखरेविषयी मौन पाळणे बरे दिसणार नाही. चमचाभर साखर खाल्ली की मधुमेह होतो असे नाही. पण गरजेपेक्षा जास्त खाणे, त्यात गोड पेये, त्यातून वाढणारी चरबी ही मधुमेहाची वाट आहे, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचवले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या शेकडा १० च्या आत असावी, शेकडा ५ च्या आत असेल तर उत्तम. शेकडा ५ म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. दिवसात पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे, म्हणजे चहातच दहा झाले!

गुळाने होत नाही हा आपल्या भागातला लाडका समज. कोल्हापुरी गुळाचा आम्हालाही अभिमान आहे, पण रक्तात गेल्यावर गूळही साखरच. सभासदाला सवलतीची साखर मिळते ती घरात आली म्हणून संपवलीच पाहिजे असा काही पोटनियम नाही. साखर विकून संसार चालवायचा आहे, खाऊन नव्हे.

मग करायचे काय?

चेन्नईच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नुसता साधा सल्ला दिलेल्या गटात शंभरांतल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार नेमाने पाळायला लावलेल्या गटात सुमारे ३९ जणांना. औषध दिलेल्या गटाचा निकालही जवळपास तेवढाच. म्हणजे धोका असलेल्या माणसांतही मशागतीने पुष्कळांचा रोग अडवता आला. सगळ्यांचा नाही, हेही तितकेच खरे. म्हणून नेमाने वागूनही एखाद्याला साखर झाली तर त्याला बोल लावू नये. त्याला औषध वेळेवर मिळते की नाही ते पाहावे.

आमच्या सूचना थोडक्यात अशा :

१. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, घरात रोग असो वा नसो, रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील लोकांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीचा कार्यक्रम आहे.

२. आकडे लक्षात ठेवावेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, अथवा तपासणीसाठी ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, तर मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५, अथवा दोन तासांनी १४० ते १९९, तर उंबरठा. तक्रार काही नसताना आकडा जास्त आला तर पुन्हा तपासून खात्री करावी.

३. कंबर मोजावी. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर याच्या आत असावी. धोतर-पायजम्याची नाडी पोटाखाली सरकली म्हणजे कंबर बारीक झाली असे नव्हे.

४. रानात चालत जावे. रोज निदान अर्धा तास, दम लागेल असे. ताटात भात निम्मा, भाजी-आमटी-उसळ दुप्पट, आणि जोंधळ्याच्या भाकरीला परत बोलवावे.

५. गरोदर सुनेची साखर तपासून घ्यावी. पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात. बाळंतपणात साखर निघाली तर आई आणि मूल दोघांनाही पुढे धोका असतो. तिच्या वाटचे दूध संघाला घालू नये.

६. साखर असलेल्याने अनवाणी रानात जाऊ नये. रोज रात्री पाय धुवून तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. एवढे केले असते तर आमच्या नानांचा पाय राहिला असता.

काट्यापाशी भेटलेल्या त्या दोघा सभासदांना आमचे उत्तर असे. रक्तातच आहे म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या आधी तपासायला जावे, कारण त्यांना नोटीस आलेली आहे. घराण्यात नाही म्हणणाऱ्यांनीही जावे, कारण त्यांच्या घराण्यात अजून कुणी पाहिलेलेच नाही. नानांच्या दोन मुलांनी, म्हणजे आमच्या चुलत भावांनी, बापाचा पाय गेल्यावर तपासून घेतले. थोरल्याला साखर निघाली, गोळ्या चालू आहेत आणि पाय शाबूत आहेत. धाकटा उंबरठ्यावर होता. तो गेली सहा वर्षे गाडी घरी ठेवून रानात चालत जातो आहे आणि अजून उंबरठ्याच्या अलीकडेच आहे. बाप दोघांचा एकच.

हा अंक वाचून झाल्यावर कोनाड्यात टाकू नये. संध्याकाळी जेवणाआधी माजघरात मोठ्याने वाचून दाखवावा, कारण यातली निम्मी गोष्ट तेथल्या मंडळींची आहे. आणि त्या रात्री एकदा तरी सुनेला पहिल्या पंगतीला बसवावे.